मुनीरचाचा बेशुद्ध पडतात

बेशुद्ध पडलेल्या माणसानं बोलू नये, एवढी साधी गोष्ट मी मुनीरचाचांना अजून शिकवू शकलेले नाही.

सतरंजीवर ते उताणे पडलेले असतात. डोळे गच्च मिटलेले, पांढरी दाढी आभाळाकडे, टोपी काढून पोटावर ठेवलेली. भोवती जमलेल्या बायकांना मी सांगत असते, "हा माणूस हाक मारली तरी उत्तर देत नाही. आधी काय करायचं?" एक बाई पुढे येते, गुडघ्यावर बसते, चाचांचा हात धरून खांदा हलवते. आणि हाकेला उत्तर न देणारा हा माणूस डोळे न उघडता म्हणतो, "सुमन हाय ना? हळू गं. गाईचं दावं वढल्यावानी वढू नको."

बायका पदर तोंडाला लावून हसतात आणि माझा कार्यक्रम तिथंच बसतो.

बरं, चाचा अंदाजानं नाव घेत असतील म्हणावं तर तेही नाही. मी बायकांना खुणेनं इकडून तिकडे पाठवून बघितलं. सुमनच्या जागी तिची जाऊ, जावेच्या जागी अंगणवाडीच्या बाई. हात हातात आला की चाचांच्या तोंडून नाव आलंच, आणि कधी चुकलं नाही. कुणाचं नाव बरोबर सांगितल्यावर ते अभिमानानं हसतील असं वाटायचं, पण हसायचे नाहीत. उलट अवघड गणित चुकलेल्या पोरासारखे ओठ मिटून पडून राहायचे. हे मला तेव्हा खटकलं होतं, पण मी विचारलं नाही. कार्यक्रम पुढे न्यायचा असायचा.

मी अंबडची. आमचं एक छोटं आरोग्य मंडळ आहे. आमच्या भागात ताप आला की लोकांना सलाईन हवं असतं, भाजलं की त्यावर दात घासायची पेस्ट फासतात, साप चावला की दवाखाना सोडून बाकी सगळीकडे नेतात. डॉक्टर लिहितो, पेशंट खातो, आणि कशासाठी खातो हे त्याला कुणी सांगत नाही, तोही विचारत नाही. मला याची चीड येते. आधी मी ती चीड पत्रकांत छापायचे. पत्रकांत लोक भेळ खातात हे कळल्यावर आम्ही गावोगाव जाऊन करून दाखवायला लागलो: रक्त कसं थांबवायचं, मोडलेला हात कसा बांधायचा, छाती कशी दाबायची.

करून दाखवायचं तर पेशंट पाहिजे. बायका चारचौघांत आडव्या पडायला तयार नव्हत्या. तरुण पोरं पडायची, पण फिदीफिदी हसायची आणि बायका त्यांना हात लावायच्या नाहीत. परक्या पुरुषाला कोण हात लावणार?

कुंभार पिंपळगावच्या बाजारात एका बाईनंच तोड काढली. ती म्हणाली, "मंग मुनीरचाचाला बोलवा की. त्याला कशाची लाज?"

चाचा जातीनं मनियार. जन्मभर बांगड्या भरल्या. आठवडी बाजारात गोणपाट टाकून बसायचे, लग्नसराईत डोक्यावर पेटारा घेऊन घरोघर जायचे. घनसावंगी तालुक्यातल्या अर्ध्याअधिक बायकांनी नवरीपणी आपला हात पहिल्यांदा परक्या पुरुषाच्या हातात दिला तो चाचांच्या. आणि चाचा परके नव्हतेच. चाचा पंजा असा काही दाबायचे की अंगठ्याचं हाड आत जायचं आणि काचेची बांगडी सरकन मनगटावर. पुढे तयार मापाच्या बांगड्यांची डबी आली, बायका आपल्या आपण घालायला लागल्या. चाचांचे हात थरथरायला लागले. एका नवरीच्या मनगटात काच फुटली, त्या दिवशी त्यांनी पेटारा माळ्यावर टाकला. त्यानंतर त्यांच्याकडे हात पुढे करणारं कुणी राहिलं नाही, आमच्या सतरंजीशिवाय.

म्हणून ती सतरंजी त्यांना प्राणाहून प्यारी. कार्यक्रम कुठेही असो, ते आमच्या आधी पोचलेले. मला बघितलं की पहिला प्रश्न, "आज काय हाय मला?" आज भाजी काय, असं विचारल्यासारखा.

"आज साप चावलाय."

"कोणता?"

"चाचा, साप कोणता हे बघत बसायचंच नाही. सरळ दवाखाना गाठायचा."

"तू नको बघू. मला तर म्हाईत पाहिजे का न्हाई? मलाच चावला ना तो?"

असा पेशंट. हात मोडायचा असला की झोळी बांधून घेतात आणि ती घेऊनच बाजारातून घरी जातात. हॉटेलात डाव्या हातानं चहा पितात. लोकांनी विचारलं की सांगतात, "मोडला होता. पोरींनी एकदम बराबर बांधला." दुसऱ्या दिवशीसुद्धा झोळी गळ्यात. एकदा मी रागावले, तर म्हणाले, "येवढं मन लावून बांधलं तिनं. जल्दी सोडलं तर तिला काय वाटंल?"

आमची भांडणं तर रोजची. बांगडी भरताना काच लागली की चाचा चिंधी जाळून तिची राख जखमेवर दाबायचे. मी सगळ्यांसमोर सांगितलं, राख लावू नका, स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा आणि हात वर करा. चाचा सतरंजीवरून उठून बसले. त्या दिवशी ते रक्त वाहून अर्धमेले झालेले पेशंट होते.

"जिंदगीभर राख लावली म्या. एकबी मेली न्हाई."

"मेली नाही म्हणजे तुमचं बरोबर होतं असं होत नाही, चाचा."

"वकीलसाब हाय ही," ते बायकांना म्हणाले आणि परत अर्धमेले झाले. तेव्हापासून मी वकीलसाब.

पण एक सांगते. आमच्या पत्रकावर आज जी ओळ सगळ्यात वर असते, 'पेशंटला सांगून करा', ती त्यांची आहे. एका बाईनं न बोलता त्यांचा पाय उचलून फळीला बांधायला घेतला, तेव्हा ते ओरडले होते, "आगं सांगून तर कर. पाय माझा हाय." मोठमोठ्या दवाखान्यांत हे वाक्य भिंतीवर लावायला पाहिजे असं माझं मत आहे आणि ते मी कुणासमोरही बोलून दाखवते.

घोटाळा झाला तो छाती दाबण्याच्या धड्यात.

ज्याचा श्वास बंद पडलाय त्याची छाती जोरात आणि भरभर दाबायची असते. जिवंत माणसावर ते करून दाखवता येत नाही, बरगडी मोडेल. म्हणून आम्ही बायकांना सांगायचो, चाचांवर नुसते हात धरा, दाबू नका. बायका तळहातावर तळहात ठेवून चाचांच्या छातीच्या चार बोटं वर हवेत हात हलवायच्या. चाचा खालून "बराबर, बराबर" करायचे. आम्हाला वाटलं, शिकल्या.

मग एकदा जालन्याहून एक डॉक्टरीणबाई आमचं काम बघायला आल्या. त्यांनी उशी पुढे ठेवली आणि सुमनला म्हणाल्या, "करून दाखवा." सुमन पुढे झाली, पदर खोचला, उशीच्या चार बोटं वर हात धरले आणि अत्यंत भक्तिभावानं हवा दाबायला लागली. मोठ्यानं आकडेही म्हणत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाबा ना." सुमन म्हणाली, "न्हाई न्हाई, तसं दाबायचं नसतं. चाचाला लागतं."

एकजात सगळ्या बायकांनी तसंच केलं. गावोगाव आम्ही मरणाऱ्या माणसाला वरूनच आशीर्वाद द्यायला शिकवून आलो होतो.

मी संतापले. त्याच दिवशी मंडळात सांगितलं, छाती दाबण्याचा पुतळा आल्याशिवाय मी एकही कार्यक्रम घेणार नाही. ज्या गावांत चुकीचं शिकवलं तिथं परत जायचं आणि सांगायचं की आम्ही चुकीचं शिकवलं. डॉक्टरीणबाईंनी ओळखीतून एक पुतळा मिळवून दिला. रबरी. डोकं, मान, छाती, पोट, तिथून पुढे काही नाही. बरोबर दाबलं की आतून कट्‌ असा आवाज येतो. आवाज आला नाही की समजायचं, अजून जोर लावा. मला तो पुतळा बघून फार बरं वाटलं. तो बोलणार नव्हता.

पुतळा घेऊन पहिला कार्यक्रम अंबड तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या अंगणात होता. सुमन आणि कुंभार पिंपळगावच्या आणखी काही बायका शिकवायला आल्या होत्या. चाचाही आले, दाढीला मेंदी लावून; या गावातही त्यांनी बांगड्या भरल्या होत्या. आल्या आल्या म्हणाले, "आज काय हाय मला?"

"आज तुम्हाला काही नाही, चाचा. आज हा आहे."

चाचांनी पुतळ्याकडे बघितलं. सतरंजीच्या बरोबर मध्यावर मी त्याला ठेवला होता. चाचा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले.

"याला हात न्हाईत," ते म्हणाले.

"छाती दाबायला हात लागत नाहीत."

"हां. बराबर," म्हणून ते मागे जाऊन भिंतीला टेकून बसले.

पण पुढे वेगळंच झालं. गावातल्या बायका पुतळ्याला हात लावेनात. एकीनं तर त्याला बघून डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "उघडा माणूस हाय बाई," मागून कुणीतरी बोललं. एक म्हातारी उठली आणि त्याच्यावर स्वतःची शाल टाकून गेली. मी ओरडून सांगितलं की हे रबर आहे, खेळणं आहे. रबर असलं तरी पुरुषाचं आहे, असं एकीनं शांतपणे सांगितलं. सुमननं दाबून दाखवलं, तर बाकीच्या तिच्याकडेच वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. माझा आवाज चढला. माझा आवाज चढला की बायका चपला शोधायला लागतात, हा अनुभव आहे.

तेवढ्यात चाचा उठले. पुतळ्यापाशी मांडी घालून बसले, त्याच्या रबरी टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझा भाचा हाय हा. लहानपणापासून अस्साच, अर्धा. बिचाऱ्याचा श्वास अडकून राह्यलाय. दाबा, बायांनो. मला लागायचं, याला लागत न्हाई."

हशा झाला. म्हातारी पहिली पुढे आली. "चाचाचा भाचा म्हंजे घरचाच की," म्हणून तिनं शाल जरा खाली सरकवली, आणि छाती अशी दाबली की कट्‌ कट्‌ आवाज शाळेच्या भिंतीपर्यंत गेला. मग रांग लागली. तासाभरात गावातल्या बायका मनापासून, जोरात, बिनचूक दाबायला शिकल्या. इतका चांगला कार्यक्रम आमचा आजवर झाला नव्हता.

त्या दिवशी चाचांचा हात कुणीच धरला नाही. धरायचं कारणच नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर सुमन आणि बाकीच्या जीपनं पुढे गेल्या. पुतळा आणि चाचा एवढे माझ्याबरोबर राहिले. एसटीच्या शेडमध्ये सिमेंटच्या बाकावर आम्ही बसलो, मध्ये शाल पांघरलेला भाचा. म्हातारीनं शाल परत घेतली नव्हती. उन्हं कलली होती, कापसाच्या गाड्या जात होत्या.

चाचा म्हणाले, "आता माझं काम न्हाई म्हण की."

मी तोंडावर बोलते. म्हटलं, "छातीच्या धड्याला नाही. तुमच्यामुळे बायका चुकीचं शिकल्या."

"खरं हाय." त्यांनी भाच्याची शाल सारखी केली. "पण मला अजून थोडं पडायचं होतं गं. माझं एक बघायचं राह्यलंय."

"काय बघायचं?"

त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते.

त्यांच्या बायकोला, जैबुनचाचींना, लकवा झाला होता. सकाळी तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली, घरच्यांनी दुपारपर्यंत तेल चोळलं. मग मोठ्या शहरातला मोठा दवाखाना. बायकांचा वॉर्ड. रात्री तिथं पुरुषांना थांबता येत नाही. मुलगा भिवंडीला, मुलगी नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची लेक बिचारी चाचींकडेही बघायची.

"दाराबाहेर उभा राह्यलो. साऱ्या तालुक्याच्या बाया हात देत होत्या मला," चाचा म्हणाले, "आन घरच्या बाईचा हात धरायला मला आत सोडंनात."

सकाळी ती लेक बाहेर आली आणि तिनं सांगितलं. पहाटेच्या सुमाराला चाचींनी डोळे न उघडता विचारलं होतं, "आ गये क्या?" लेकीला काय बोलावं कळलं नाही. तिनं नुसता त्यांचा हात हातात घेतला आणि दाबला. चाची शांत झाल्या. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत, त्यातच गेल्या.

"आता सांग," चाचा म्हणाले. "तिला वाटलं आसंल का, म्याच हाय म्हणून? का कळलं आसंल, दुसऱ्याच कुणाचा हाय? म्हणून तर तुझ्या सतरंजीवर पडून राह्यलो. डोळे मिटून. म्हणलं एकदा तरी चुकावं. एकदा तरी एकीला दुसरी समजावं. एक चुकलं तर तीबी चुकली आसंल." त्यांनी गुडघ्यावरचे आपले पंजे उलटे करून बघितले. "न्हाई चुकलं. दर बारीला कळतं. नवी आली तरी कळतं, ही वळखीची न्हाई. म्हंजे जैबुनला कळलंच आसंल."

अशा वेळी काय बोलायचं याचं पत्रक आमच्याकडे नाही. मला खोटं बोलता येत नाही, आणि गोड बोलणं तर मला कधी जमलंच नाही. मला राग आला. त्या वॉर्डाचा आला, आणि चाचांचाही आला, की इतके दिवस हा माणूस एक चुकीचा प्रयोग करत पडून होता.

"चाचा, तुम्ही सतरंजीवर बेशुद्ध असता का?"

"आं?"

"सांगा. असता का?"

"न्हाई. नाटक आसतं ते."

"तुम्ही टक्क जागे असता. वर जन्मभर बांगड्या भरलेल्या. चाचींनी भरल्या होत्या का कुणाला बांगड्या?"

"ती कशाला भरतीया? ती गिऱ्हाईकाचे पैसे घ्यायची."

"आणि त्यांना लकवा झालेला. कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"म्हणजे अर्ध्या अंगाला धड कळतही नसेल, मग तुमच्यावरून त्यांचं कसं ठरवता? तुम्हाला कळतं म्हणून त्यांना कळलं, असं होत नाही. हा पुरावाच होत नाही."

चाचा माझ्याकडे बघायला लागले.

"त्या लेकीनं हात धरल्यावर चाचींनी सोडवून घेतला का?"

"न्हाई."

"झटकला?"

"न्हाई. गप पडली म्हणं. धरून ऱ्हायली."

"परका वाटला असता तर?"

चाचांनी पंजा मिटला, उघडला. मग म्हणाले, "परक्याचा ती झटकायची. डॉक्टरलाबी नाडी दिली न्हाई तिनं धड."

"मला माहीत नाही त्यांना काय वाटलं ते," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही. तुम्हालाही नाही. पण त्यांना कळलंच असेल, हे तुम्ही जे ठरवून टाकलंय, ते मला मान्य नाही."

चाचांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "हे तू पहिले का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही मला विचारलं कधी?"

"तेबी बराबर."

एसटीचा धुरळा दिसायला लागला. मी उठून भाच्याला काखेत घेतला. म्हटलं, "पुढच्या वेळी रक्त थांबवण्याचा धडा आहे. काच लागलेला पेशंट पाहिजे. भाच्याला हात नाहीत." हे मी दयेनं बोलले नाही. हात नव्हतेच त्याला.

"बघू," चाचा म्हणाले. पण दाढीतल्या दाढीत काहीतरी हललं.

एसटीची पायरी उंच होती. त्यांनी हात पुढे केला, मी धरून त्यांना वर घेतलं. खिडकीपाशी ते बसले, शेजारी मी, मांडीवर भाचा. कंडक्टर आला आणि शालीतून डोकावणाऱ्या रबरी तोंडाकडे बघत उभा राहिला.

"बाईचं हाफ," तो म्हणाला. "चाचाचं हाफ. आन हा तर मुळातच हाफ हाय. याचं काय करू?"

"भाचा हाय माझा," चाचा म्हणाले, खिडकीबाहेर बघत. "मांडीवरच्या पोराला तिकीट नसतं."

कंडक्टरनं हसून दोन तिकिटं फाडली आणि माझ्यापुढे धरली. माझा एक हात पुतळ्याखाली होता. दुसरा, पायरी चढताना दिलेला, चाचांनी अजून परत केला नव्हता. कंडक्टरनं क्षणभर वाट बघितली आणि तिकिटं भाच्याच्या शालीत खोचून तो पुढे गेला.